चांदीच्या वाटीचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातल्या कोजागिरीला, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे.)



सेक्रेटरींनी मला आज दोन कामं सांगितली आहेत. एक, मसाला दुधाच्या स्पर्धेचा परीक्षक व्हायचं. दोन, सगळी पातेली गच्चीवर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बोलायचं. बोलण्याची मला भीती नाही. अडतीस वर्षं बँकेत काउंटरच्या आत आणि बाहेर बोलण्यातच गेली. भीती आहे ती परीक्षक होण्याची. निकाल आज लागेल, पण उद्या सकाळी लिफ्टमध्ये गाठ तुमच्याशीच आहे.

तरी मी हो म्हटलं, कारण या विषयात माझा थोडा अनुभव आहे. आमच्या घरी १९७८ पासून कोजागिरीला मसाला दुधाची स्पर्धा होते. अजूनही होते. यंदा इथला कार्यक्रम आहे म्हणून आम्ही घरची कोजागिरी येत्या रविवारवर ढकलली आहे. त्या स्पर्धेची गोष्ट आज सांगणार आहे. काही जणांनी ती तुकड्या-तुकड्यांत ऐकली असेल, पण सगळी कधी सांगितलेली नाही.

आम्ही चार भावंडं. थोरले अण्णा, मग अक्का, मग मी आणि धाकटी माई. वाढलो गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत. कोजागिरीला आपल्याकडे घरातल्या थोरल्या मुलाला किंवा मुलीला ओवाळतात, त्याला आश्विनी म्हणतात, हे इथल्या ज्येष्ठांना माहीत आहे. तरुण मंडळींनी विचारून घ्या, कारण ही चाल हळूहळू मागे पडते आहे. तर दर कोजागिरीला अण्णांना पाटावर बसवायचं, आई ओवाळणार, त्यांना नवा शर्ट. आम्ही तिघं बाजूला उभे राहून निरांजनाकडे बघणार. लहानपणी याचा फार राग यायचा. थोरलं होणं आपल्या हातात नव्हतं, ही तक्रार मी आईकडे कितीतरी वेळा केली आहे.

पुढे वडील गेले. अण्णांनी डोंबिवलीला जागा घेतली आणि आई त्यांच्याकडे आली. अक्का लग्न होऊन लालबागला, मी मुलुंडला, माई कल्याणला. १९७८ साली माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या कोजागिरीला आम्ही सगळे अण्णांकडे जमलो होतो. अण्णांना ओवाळून झालं. मी सवयीप्रमाणे बोललो, "आणि आम्हाला काय?" तेव्हा माझं वय सत्तावीस. आई म्हणाली, "तुम्हाला शर्यत. पुढच्या महिन्यात तुळशीच्या लग्नाला सगळे येणारच आहात. येताना प्रत्येकाने मसाला दूध आपल्या घरून करून आणायचं. ज्याचं चांगलं त्याला बक्षीस."

पहिली शर्यत अशी तुळशीच्या लग्नाला झाली. १९७९ पासून ती कोजागिरीलाच व्हायला लागली.

बक्षीस म्हणजे एक छोटी चांदीची वाटी. आम्हा चौघांचीही उष्टावणं त्याच वाटीत झालेली. जिंकणाऱ्याने ती वर्षभर आपल्या घरी ठेवायची आणि पुढच्या कोजागिरीला घासून परत आणायची. फिरती ढाल म्हणा ना.

आईने नियम तीन घातले. दूध दोन लिटर, जास्त नाही. दूध आटवायचं ते तिच्या मुलांनी, म्हणजे आम्ही चौघांनी. सुना आणि जावई यांनी हात लावायचा नाही. "त्या बिचाऱ्या रोज आटवतात, आज बसू देत," असं ती म्हणाली. १९७८ साली ही गोष्ट लहान नव्हती. आमची ही समोरच बसली आहे, तिला विचारा. त्या दिवशी संध्याकाळी ती मुलुंडच्या घरात पाय वर घेऊन मासिक वाचत बसायची आणि मी स्टोव्हपाशी घामाघूम. तिसरा नियम असा की, पेले सारखे, पेल्याच्या खाली आकडा लिहिलेली चिठ्ठी आणि परीक्षक एकटी आई. अपील नाही.

दूध किटलीत घालून लोकलने न्यायचं. अक्का करी रोडहून संध्याकाळच्या गर्दीत किटली छातीशी धरून यायची. एकदा तिच्या किटलीचं झाकण उडालं आणि डब्यातल्या बायकांनीच आधी चव घेतली. त्यांचा निकाल चांगला होता म्हणे.

आता प्रत्येकाची पद्धत सांगतो, म्हणजे आज मी कशाकडे बघणार आहे तेही तुम्हाला कळेल. अण्णा तबेल्यातून म्हशीचं दूध आणायचे आणि दोन लिटरचं सव्वा लिटर करायचे. दाट, जवळजवळ बासुंदी. अक्काचा भर वेलचीवर. ती वेलची आयत्या वेळी साखरेबरोबर कुटायची, आधी कुटून ठेवायची नाही. माई भिजवलेले बदाम सोलून पाट्यावर वाटायची. मिक्सर आला तेव्हा तिनेच शोधून काढलं की, सुका मेवा एकदम फिरवला तर तेल सुटतं आणि गोळा होतो. बरोबर थोडी साखर घालून थांबत थांबत फिरवायचा. माझं हत्यार म्हणजे केशर आणि जायफळ. केशर कोमट दुधात अर्धा तास आधी भिजवायचं. जायफळ सहाणेवर दुधात उगाळायचं, तेही बेताने. जास्त झालं तर दूध कडवट लागतं, शिवाय जायफळाने झोप येते असं म्हणतात. जागरणाच्या रात्री लोकांना झोपवणं बरं नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यांना सारखी. पातेलं जाड बुडाचं हवं. दूध ओतण्याआधी आत थोडं पाणी फिरवून घ्यायचं. आणि दूध आटत असताना तिथून हलायचं नाही. उलथन्याने बूड सारखं खरवडत राहायचं. साखर शेवटी. दुधाकडे पाठ केली की ते बुडाला लागतं, आणि एकदा लागलं की तो करपट वास कशानेही जात नाही. पेलाभर केशर घाला, तरी नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

मी बँकेतला माणूस. पहिल्या वर्षापासून मी या स्पर्धेची वही ठेवली. साल, कोणाचा कोणता आकडा, कोणी काय घातलं, निकाल काय. वही असली की माणूस हिशेब तपासतो. हिशेब तपासला की चुका दिसतात. मला आईचे निकाल चुकीचे वाटायला लागले.

उदाहरण सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अक्काचे यजमान गिरणीत होते. त्या कोजागिरीला अक्काने आणलेलं दूध पातळ होतं. बदाम नाहीत, पिस्ते नाहीत, केशराची काडी नाही. नुसती साखर आणि वेलची. आईने चारही पेले चाखले आणि वाटी अक्काला दिली. मी वहीत निकाल लिहिला आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं. आईला म्हटलंसुद्धा, "अगं, पातळ होतं ते." आई म्हणाली, "वेलची बरोबर पडली होती." विषय संपला.

माझी अशी प्रश्नचिन्हं वाढत गेली. १९८७ ला अण्णांचं दूध फार गोड, तरी वाटी त्यांना. १९९० ला माईच्या दुधात चारोळी खवट, तरी वाटी तिला. मला सोळा वर्षांत वाटी फक्त दोनदा मिळाली होती, आणि माझं दूध दरवर्षी उत्तम असायचं. हे मी म्हणत नाही, भावंडंही म्हणायची.

मग आलं १९९४ साल. हे मी आजवर चारचौघांत बोललेलो नाही. आता चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, तेव्हा बोलायला हरकत नाही. त्या वर्षी मला चार्जशीट मिळाली. मालतारणावर दिलेलं एक कर्ज होतं. गोदामात जाऊन माल मोजायचा आणि तपासणीच्या अहवालावर सही करायची, हे माझं काम. मार्चअखेरीच्या गर्दीत मी गोदामात न जाताच सही केली, आधीच्या महिन्याचा अहवाल बघून. पुढे कर्ज बुडालं. गोदाम उघडलं तर आत रिकामी पोती. पैसा मी खाल्ला नव्हता, पण सही माझी होती. हे दोन्ही खरं होतं, आणि दुसरं कोणाला समजावून सांगण्याची माझी छाती नव्हती.

घरी हिला सांगितलं. बाकी कोणाला नाही. अण्णांना नाही, आईला तर नाहीच. रोज डबा घेऊन ऑफिसला जायचो आणि यायचो. रात्री झोप लागायची नाही.

कोजागिरीला दूध आटवायला बसलो. उलथनं हातात होतं, पण चौकशीच्या नोटिशीला उत्तर काय लिहायचं याची वाक्यं डोक्यात फिरत होती. वास आला तेव्हा भान आलं. दूध लागलं होतं. खरवडलं नाही, वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढलं, दुप्पट केशर घातलं, जायफळ घातलं. ही म्हणाली, "दुसरं करू या, पिशव्या आणते." मी म्हटलं, राहू दे. किटली घेऊन गाडीत बसलो.

पेले मांडले गेले. माझा आकडा तीन. आईने तिसरा पेला तोंडाला लावला आणि थोडी थांबली. परत एक घोट घेतला. मग चौथा चाखला. आणि म्हणाली, "तीन."

अक्काने माझ्या पेल्यातलं चाखून बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. माईने तोंड फिरवलं. सगळ्यांना वास येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आईची जीभ गेली. किंवा ती माझी थट्टा करते आहे.

सगळे भेळेकडे वळले तेव्हा आईने मला आत हाक मारली. वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "धुऊन घे." मी नळाखाली वाटी धरली. ती मागे उभी राहून म्हणाली, "तुझं दूध आजवर कधी लागलं नव्हतं. ऑफिसात काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. नळ चालू ठेवूनच सांगितलं, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. ती एवढंच म्हणाली, "चोरी केलीस का?" मी म्हटलं, नाही. "मग चूक केलीस म्हणून लिही. आणि अण्णाला सांग. एकट्याने लिहू नकोस."

पुढच्या रविवारी अण्णा मुलुंडला आले. ते सरकारी कचेरीत होते, अशा उत्तरांची भाषा त्यांना ठाऊक. दुपारभर आम्ही बसलो. मी लिहिलेल्या नऊ पानांची त्यांनी अडीच पानं केली. पहिलंच वाक्य घातलं की, मी गोदामात गेलो नव्हतो. चौकशी चौदा महिने चालली. शेवटी लेखी ताकीद आणि एक वेतनवाढ थांबली. नोकरी राहिली. अण्णांना सांगितलं नसतं, तर ती नऊ पानं मी तशीच दिली असती, आणि त्यात मी एका सहकाऱ्यावर ढकललं होतं. ते खोटं होतं. आज मी तुमच्यासमोर उभा राहून बोलू शकतो, याचं एक कारण ती अडीच पानं.

तोपर्यंत ती वाटी आमच्या घरात देवापुढे होती.

आई २००६ च्या मे महिन्यात गेली. तेराव्यापर्यंत आम्ही चौघं अण्णांकडे होतो. एका दुपारी मी वही काढली. १९७८ ते २००५, अठ्ठावीस निकाल. अक्का आठ, माई आठ, अण्णा सात, मी पाच. मग अक्काला आणि माईला जवळ बसवून प्रत्येक सालापुढे विचारत गेलो, त्या वर्षी तुमच्या घरी काय चाललं होतं? १९८२, संप. १९८७, अण्णांचा मुलगा बारावीला नापास झाला होता आणि अण्णा त्याच्याशी बोलत नव्हते. १९९०, माईचं मूल जन्मून आठव्या दिवशी गेलं होतं, आणि ती त्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

माई म्हणाली, "मला वाटायचं, माझे बदाम आवडले."

सगळी सालं काही अशी जुळली नाहीत. मी हिशेबाचा माणूस आहे, जुळवून घेणार नाही. अठ्ठावीसपैकी सतरा जुळली. बाकीच्या वर्षी दूधच चांगलं असेल, किंवा आम्ही विसरलो असू. पण सतरा म्हणजे योगायोग नाही. माझी कंसातली सगळी प्रश्नचिन्हं त्या सतरांतच होती. ती मी त्या दुपारी खोडली.

पुढे आम्ही रीतसर परीक्षण करून बघितलं. दहापैकी गुण, नातवंडांच्या हाती तक्ते. भांडणं झाली. प्रत्येक घराने आपल्यालाच दहा दिले. २००९ ला अण्णांनी तक्ते फाडले आणि ठरवलं की, ज्याच्याकडे वाटी आहे त्यानेच पुढचा निकाल द्यायचा. तेव्हापासून तसंच. ज्याने वर्षभर वाटी सांभाळली, त्याला इतरांकडे बघायचं सुचतं, असा अनुभव आहे.

२०२० ला ३० ऑक्टोबरला कोजागिरी होती. आपण सगळे घरात कोंडलेले. आम्ही फोनच्या पडद्यावर जमलो, आपापलं दूध आपणच प्यायलो. माईचे यजमान त्या ऑगस्टमध्ये गेले होते. वाटी तिच्याकडेच होती. अण्णा म्हणाले, "यंदा निकाल नाही, वाटी तिथेच राहू दे." २०२३ ला २८ ऑक्टोबरच्या कोजागिरीला मध्यरात्रीनंतर एक वाजून गेल्यावर खंडग्रास चंद्रग्रहण होतं. वेध दुपारपासून. अक्का वेध पाळणारी, तिच्या नातवंडांना ते पटेना. शेवटी अक्काने आपला पेला दुसऱ्या दिवशी घेतला आणि बाकीच्यांनी त्याच रात्री. भांडण झालं नाही, एवढी आमची प्रगती आहे.

अण्णा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. मधुमेह आहे, त्यांचा पेला बिनसाखरेचा. येत्या रविवारी माई त्यांना ओवाळणार, नवा शर्ट आणून ठेवला आहे. मला अजून थोडा राग येतोच.

आता आपल्या सोसायटीबद्दल बोलतो आणि थांबतो.

२००० साली याच गच्चीवर आपली पहिली कोजागिरी झाली, तेव्हा राहायला आलेली घरं होती चौदा. लिफ्ट सुरू नव्हती, दिवा चौथ्या मजल्यावरून वायर ओढून लावला होता. एकाच पातेल्यात दूध आटवलं आणि चौदा घरांनी उलथनं फिरवलं. कोणाच्या घरी काय चाललं आहे, ते तेव्हा जिन्यात कळायचं. आता लिफ्टमध्ये दोन मजले बरोबर जातो आणि फोनकडे बघतो. हे मी माझ्यासकट सांगतो आहे.

आज मी आल्या आल्या खुर्च्या मोजल्या. जुनी सवय. आपली घरं चौसष्ट. आज गच्चीवर माणसं आहेत एक्केचाळीस घरांतली. तेवीस घरांतून कोणी आलेलं नाही. काही गावाला गेले आहेत, काहींच्या मुलांचा अभ्यास आहे, काहींना जिने चढवत नाहीत. पण एक-दोन घरं अशी असतील जिथे दिवा लावून कोणीतरी नुसतं बसलं आहे. आपलं दूध कुठेतरी लागलं आहे आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून बसलं आहे. मी १९९४ ला असाच बसलो होतो, म्हणून सांगतो.

कोजागिरीला लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे? ती विचारून पुढे जाते. आपण शेजारी आहोत, आपण थांबून विचारायला हवं, का जागं आहे?

तेव्हा परीक्षक म्हणून माझी एक अट आहे. स्पर्धेला आलेल्या प्रत्येक पातेल्यातून आधी दोन-तीन पेले बाजूला काढायचे. कमिटीच्या तरुण मंडळींनी ते तेवीस दारांवर न्यायचे. बेल वाजवायची, पेला हातात द्यायचा आणि लगेच वळायचं नाही. दोन मिनिटं उभं राहायचं. कोणाला साखर चालत नाही, याची यादी आमच्या हिने केली आहे, ती घेऊन जा. ते पेले पोचल्याशिवाय मी चाखायला सुरुवात करणार नाही.

निकाल मी प्रामाणिकपणे दुधावरच देईन. माझ्या आईइतकं मला चाखता येत नाही. पण कोणाचं दूध यंदा बुडाला लागलं असेल, तर घाबरून आणायचं राहू नका. घेऊन या. मी परत एक घोट घेईन.

पातेली वर आलेली दिसताहेत. सगळ्यांना कोजागिरीच्या आणि आपल्या पंचविसाव्या वर्षाच्या शुभेच्छा. दूध गार होण्याआधी थांबतो.

नमस्कार.